दूध पुरत नाही, असे वाटते तेव्हा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात ‘हिला दूधच पुरत नाही’ हे वाक्य बहुतेक घरांत एकदा तरी उच्चारले जाते. कधी ते सासूबाई म्हणतात, कधी बाळाला बघायला आलेली मावशी म्हणते, आणि पुष्कळदा रात्रभर जागलेली बाळंतीण स्वतःच डोळ्यांत पाणी आणून म्हणते. त्यानंतर काही तासांतच पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो. या वाक्यामागची काळजी खरी असते. परंतु ज्या आधारावर ते बोलले जाते तो आधार बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि एकदा ते बोलले गेले की ते खरे ठरावे अशाच गोष्टी एकामागून एक घडू लागतात. अधिकाधिक आयांनी बाळाला अंगावर पाजावे असे खरोखर वाटत असेल, तर त्यांना आईच्या दुधाची थोरवी पुन्हा ऐकवण्यापेक्षा हे वाक्य कशातून जन्माला येते आणि त्याला कुठे अडवता येते, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

कारण ती थोरवी माहीत नाही, अशी आई आता क्वचितच भेटते. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरे काहीही, अगदी पाणीसुद्धा देऊ नये, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर या ना त्या रूपात रंगवलेली असते. तरीही २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत असताना पहिल्या तासातील स्तनपान ५३ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे ज्या वेळी डॉक्टर आणि परिचारिका आईच्या हाताच्या अंतरावर असतात, नेमकी तीच वेळ निसटते आहे. त्या तासात बाळंतीण टेबलावर असते. बाळ कुठे ठेवायचे आणि तिच्याजवळ कधी आणायचे, हे ती ठरवत नसते. त्यामुळे स्तनपानाचे प्रमाण कमी असल्याचा दोष आयांच्या अज्ञानावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

दूध तयार कसे होते

गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत थोडेथोडे दूध तयार होऊ लागलेले असते. मात्र वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्या निर्मितीला आवर घालून ठेवते. बाळ जन्मले आणि वार पडली की हा आवर सुटतो, आणि पुढच्या दोन ते तीन दिवसांत दूध भरभरून येऊ लागते. सिझेरियन झालेल्या, पहिलटकरीण असलेल्या किंवा बाळंतपणात खूप थकलेल्या बाईला याहून एखादा दिवस अधिक लागू शकतो. म्हणजे पहिल्या दिवशी छाती मऊ असणे आणि दाबल्यावर पिवळसर, चिकट असे चार थेंबच दिसणे, हे अगदी ठरल्याप्रमाणे चाललेले असते.

हे पिवळे थेंब म्हणजे चीक. पहिल्या चोवीस तासांत बाळाला एका वेळी साधारण दोन ते दहा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा ते दोन चमचे चीक मिळतो, आणि त्याच्या इवल्या जठराला तेवढाच पेलतो. चिकात प्रथिने आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते; त्याहून महत्त्वाचे म्हणजे आईच्या शरीराने आजवर तोंड दिलेल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यात असतात आणि ती बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूवर संरक्षक थर धरतात. चिकामुळे बाळाची पहिली काळी, डांबरासारखी शी लवकर बाहेर पडते आणि त्यामुळे काविळीचा जोरही कमी राहण्यास मदत होते. गाय व्याली की चीक आधी वासराला पोटभर मिळाला पाहिजे आणि मगच खरवसाचा विचार करायचा, हे आपल्याकडे गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच घरांत बाईचा चीक मात्र ‘जड’, ‘खराब’ म्हणून पिळून टाकला जाई आणि काही ठिकाणी अजूनही जातो, याचे वाईट वाटते.

बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला संदेश जातो आणि दोन संप्रेरके कामाला लागतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ते रात्री अधिक स्रवते, म्हणून ‘आई थकली आहे, रात्रीचे वरचे दूध देऊ’ हा प्रेमापोटी दिलेला सल्ला पहिल्या आठवड्यांत दुधाच्या मुळावरच येतो. दुसरे संप्रेरक ऑक्सिटोसिन. ते दूधग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायूंना आकुंचित करून तयार दूध पुढे ढकलते, त्यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. बाळाचे रडणे कानावर पडताच किंवा त्याला नुसते छातीशी धरताच पान्हा फुटतो, तो यामुळेच. याच ऑक्सिटोसिनने गर्भाशयही आवळला जातो. पाजताना पोटात कळा येतात आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. पण हे संप्रेरक मनःस्थितीला फार संवेदनशील आहे. वेदना, भीती, लाज आणि चारचौघांत ऐकावी लागणारी बोलणी यांनी ते काही काळ अडते. छातीत दूध असते, पण उतरत नाही. बाळंतिणीच्या खाटेभोवती जमून ‘अजून आले नाही का?’ असे तासातासाला विचारणारी मंडळी त्या क्षणी पान्ह्याच्या आड येत असतात, हे त्यांना कोणीतरी हळुवारपणे सांगायला हवे.

पहिले काही दिवस सरले की दुधाचे गणित अधिकाधिक त्या त्या स्तनापुरते ठरू लागते. स्तनात दूध साचून राहिले तर त्या साचलेल्या दुधामुळेच नव्या दुधाची निर्मिती मंदावते, आणि स्तन रिकामा झाला तर ती वाढते. विहिरीचा उपसा चालू राहिला की झरे मोकळे राहतात, तसाच हा प्रकार आहे.

आता त्या डब्याकडे परत येऊ. तिसऱ्या रात्री बाळ रडते, घरातले घाबरतात, आणि बाटलीतून साठ मिलिलिटर वरचे दूध दिले जाते. बाटलीला फारसे ओढावे लागत नाही, दूध आपोआप तोंडात येत राहते आणि ते गायीच्या दुधापासून बनवलेले असल्याने सावकाश पचते. त्यामुळे बाळ तीन-चार तास गाढ झोपते. सगळ्यांना हायसे वाटते आणि ‘पोटच भरत नव्हते बिचाऱ्याचे’ यावर शिक्कामोर्तब होते. त्या तीन-चार तासांत मात्र स्तन ओढला गेलेला नसतो. दूध साचते, छाती तटतटून दगडासारखी होते, स्तनाग्र ताणून सपाट होते आणि जागे झालेल्या बाळाला ते तोंडात धरता येत नाही. बाळ चिडते, आईला वेदना होतात, पुन्हा बाटली येते. साचलेल्या दुधाने निर्मिती मंदावल्यामुळे दोन-तीन दिवसांत छाती खरोखरच हलकी होते. आता दूध खरेच कमी झालेले असते. आईला दूध नव्हते म्हणून डबा आला असे घर सांगते. प्रत्यक्षात डबा आला म्हणून दूध गेले, असा क्रम असतो.

पुरते आहे की नाही, हे कसे ओळखावे

बाळाचे रडणे हे दूध मोजण्याचे माप नाही. नवजात बाळ भुकेने रडते तसेच उबेसाठी, कुशीसाठी, पोटातल्या वायूसाठी आणि काही वेळा आपल्याला न समजणाऱ्या कारणांसाठीही रडते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तर बहुतेक बाळे तासन्‌तास आईला सोडतच नाहीत. थोडे पितात, डुलकी घेतात, खाली ठेवले की पुन्हा रडतात. हे चिवट चोखणे म्हणजेच भरपूर दुधाची मागणी नोंदवणे असते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे हा नवजात बाळाचा स्वाभाविक क्रम आहे आणि ते घड्याळाप्रमाणे सारख्या अंतराने होत नाही. शिवाय रडणे ही भुकेची शेवटची पायरी आहे. त्याआधी बाळ चुळबुळ करते, तोंड वळवून काहीतरी शोधते, ओठ चाटते, मूठ तोंडाकडे नेते. त्या वेळी घेतलेले बाळ शांतपणे स्तन धरते. रडून लाल झालेल्या बाळाला आधी समजवावे लागते.

छाती मऊ वाटणे हेही माप नाही. काही आठवड्यांनी दुधाचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळले की ताठरपणा आपोआप जातो, आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळ जणींना दूध आटल्याची शंका येते. पंपाने किती निघाले यावरूनही अंदाज बांधू नये, कारण नीट धरलेले बाळ जेवढे ओढते तेवढे पंपाला नेहमीच जमते असे नाही.

खरी मापे लंगोटात आणि वजनकाट्यावर असतात. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत निदान सहा वेळा फिक्या रंगाची लघवी केली पाहिजे. शीचा रंग काळ्यावरून हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखा पिवळा झाला पाहिजे. या बाबतीत जुने सुती लंगोट फार उपयोगाचे आहेत, कारण ते ओले झाले की लगेच कळते. डायपरमध्ये किती वेळा लघवी झाली हे मोजता येत नाही. वजनाविषयी एक गोष्ट आधीच माहीत असली की घबराट टळते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच. ही घट साधारण सात टक्क्यांपर्यंत असते आणि दहा टक्क्यांकडे जाऊ लागली तर डॉक्टरांनी पाजण्याची पद्धत तपासलीच पाहिजे. दोन आठवड्यांपर्यंत बाळ जन्मवजनावर परत यावे आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी पंचवीस-तीस ग्रॅमची भर पडत राहावी. हे होत असेल तर बाळ कितीही रडो, त्याला दूध पुरते आहे.

धरण्यात सगळे आहे

वजन वाढत नसेल तर पहिली शंका दुधाविषयी न घेता बाळाच्या तोंडाच्या पकडीविषयी घ्यावी. दूध स्तनाग्रात साठलेले नसते, ते त्यामागच्या काळसर भागाखाली आणि त्याही मागे असते. बाळाने नुसते स्तनाग्र तोंडात धरले, तर ते कितीही वेळ चोखत राहिले तरी त्याला दूध फारसे मिळत नाही आणि आईला मात्र चिरा पडून रक्त येते. अर्धा-पाऊण तास पिऊनही उपाशी राहणारे बाळ आणि वेदनेने दात आवळून बसलेली आई, हे चित्र बाळंतिणींच्या वॉर्डात पदोपदी दिसते. त्यावर ‘सवय होईल, सहन कर’ असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. पहिल्या काही क्षणांपुरती ओढ जाणवते, पण पूर्ण वेळ दुखत असेल तर पकड चुकलेली आहे आणि ती दुरुस्त करता येते.

समजा, डाव्या बाजूला पाजायचे आहे. आईने पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसावे. पुढे वाकून स्तन बाळाकडे नेऊ नये, बाळाला स्तनाकडे आणावे. बाळाला उजव्या हातावर घ्यावे, म्हणजे त्याचे ढुंगण आईच्या कोपराकडे येईल आणि मान तिच्या उजव्या तळहातात विसावेल. अंगठा एका कानामागे, बोटे दुसऱ्या कानामागे. डोक्याच्या मागच्या बाजूवर दाब मुळीच नको, कारण तसे केले की बाळ उलट मागे रेटते. बाळाचे पोट आईच्या पोटाला चिकटलेले असावे, आणि त्याचे कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी. मान वळवून घोट गिळता येत नाही, हे आपण स्वतः पाणी पिऊन पाहिले तरी कळेल. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार द्यावा आणि बोटे काळसर भागापासून दूर ठेवावीत. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणून स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठावर हलकेच टेकवावे आणि थांबावे. बाळ जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेल, त्या क्षणी त्याला चटकन जवळ घ्यावे, अशा रीतीने की आधी हनुवटी स्तनात रुतेल आणि खालचा ओठ काळसर भागाच्या बराच खालून पकड घेईल.

पकड नीट बसली की खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल आत न ओढले जाता फुगलेले राहतात, आणि काळसर भाग खालच्या ओठाखाली दिसत नाही, वरच्या ओठाच्या वर थोडा दिसतो. सुरुवातीला भराभर चोखणे होते, मग दूध उतरले की जबडा सावकाश आणि खोल हलू लागतो, कानाजवळचा भाग हलताना दिसतो आणि घोट गिळल्याचा मऊ आवाज ऐकू येतो. ‘चट चट’ असा आवाज येत असेल किंवा दुखत असेल, तर ओढून काढू नये. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. एका बाजूचे पूर्ण पिऊ द्यावे, कारण शेवटी येणारे दूध अधिक स्निग्ध असते, आणि मग दुसरी बाजू द्यावी. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेतून मागे पाय करून धरता येते किंवा कुशीवर झोपून पाजता येते. मुंबईच्या आयआयटीने आपल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात या पद्धतीच्या सविस्तर चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत उपलब्ध केल्या आहेत. बाळंतपणाआधीच त्या एकदा घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे बाळाच्या वडिलांनी आणि दोन्ही आज्यांनीही पाहाव्यात.

पहिला तास

जन्मल्याबरोबर पुसून कोरडे केलेले बाळ आईच्या उघड्या पोटावर पालथे ठेवले, वरून दोघांना पांघरूण घातले आणि कोणी घाई केली नाही, तर ते पायांनी रेटा देत, वासाचा मागोवा घेत तासाभरात आपणहून स्तनापर्यंत पोचते आणि तोंड लावते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी १९८७ साली हे शास्त्रीय रीतीने नोंदवले. पुढे मुंबईत स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या महाराष्ट्रातील संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने ही पद्धत प्रसूतिगृहांना शिकवण्यासाठी चित्रफीत तयार केली आणि ती जगभर पाहिली गेली. हे पाहताना मन भरून येते, पण त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. घानामध्ये सुमारे अकरा हजार बाळांच्या पाहणीवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की सर्व बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टळू शकतात. सिझेरियनमध्येही पाठीत भूल दिलेली असेल तर आई जागी असते आणि बाळ तिच्या छातीवर ठेवता येते. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. बाळाचे वजन, आंघोळ आणि नातेवाइकांना दाखवणे एक तास पुढे ढकलावे लागते, एवढेच.

याच वेळेत मध चाटवणे, गूळपाणी किंवा साखरपाणी देणे हे प्रकार होतात. मधात कधीकधी असे जिवाणू असतात की ज्यांच्यामुळे वर्षाच्या आतील बाळाला स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत मध नकोच. गोड पाण्याने बाळाची भूक मरते आणि पहिली जोमदार ओढ वाया जाते. सहाणेवर उगाळलेल्या गुटीविषयीही मला स्पष्टच लिहिले पाहिजे. आजीची माया त्यात असते हे खरे, पण सहाण, पाणी आणि हात यांतून जंतू बाळाच्या पोटात जातात, आणि पहिल्या सहा महिन्यांत बाळाला डॉक्टरांनी सांगितलेले औषध व ड जीवनसत्त्वाचे थेंब यांपलीकडे कशाचीच गरज नसते. विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असते.

परंपरेत टाकण्यासारखे जेवढे आहे त्याहून जपण्यासारखे अधिक आहे. सव्वा महिना बाळंतिणीला घरकामातून मोकळे ठेवणे, तिला कोणीतरी गरम वाढणे, तेल लावून अंग चोळणे, माहेरच्या माणसांत तिला निर्धास्तपणे बसता येणे, ही सगळी ऑक्सिटोसिनला अनुकूल अशीच व्यवस्था आहे. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू यांनी दूध किती वाढते याचे पुरावे तोकडे आहेत, पण त्यांतून लोह, स्निग्धांश आणि ताकद मिळते, म्हणून ते आवडीने खावेत. त्याच्या जोडीला पालेभाज्या, फळे आणि डाळी हव्यातच. कोरडे पथ्य आणि पाणी मोजून देणे यांनी बाळंतिणीचे नुकसानच होते.

डब्यामागची बाजारपेठ आणि कायदा

जगात स्तनपान सर्वत्र होऊ लागले तर दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली मांडला. ज्या उत्पादनाने आईच्या दुधाची जागा घ्यायची, त्याच्या विक्रीला लगाम घालावा लागतो तो यासाठी. भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदा करून आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करून दुधाची पावडर, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डबाबंद अन्न यांची जाहिरात करणे, मोफत नमुने किंवा भेटवस्तू देणे आणि या कंपन्यांनी डॉक्टरांना व त्यांच्या परिषदांना पैसे पुरवणे यांवर बंदी घातली आहे. त्यामुळे दवाखान्यातून घरी जाताना हातात ठेवलेल्या चिठ्ठीवर कारणाची नोंद न करता पावडरच्या दुधाचे ब्रँडनाव लिहिलेले असेल, तर त्याची वैद्यकीय गरज काय, हे विचारण्याचा आईवडिलांना पूर्ण अधिकार आहे.

सगळ्याच बाळांना लगेच अंगावर पिता येत नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांना चोखण्याची ताकद नसते, आणि त्यांना पावडरचे दूध दिले तर आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका वाढतो. मुंबईतील शीव येथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली दुग्धपेढी सुरू झाली ती अशा बाळांसाठी. ही आशियातील पहिली दुग्धपेढी. आपल्या बाळाला पाजून ज्यांना अधिक दूध येते अशा, रक्ततपासणी झालेल्या आया तेथे दूध देतात. ते ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला अर्धा तास तापवून, जंतूंची तपासणी करून गोठवले जाते आणि ज्यांची आई आजारी आहे किंवा जिचे दूध अजून उतरलेले नाही अशा बाळांना दिले जाते. मुंबईसारख्या शहरातल्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात, एका बाईचे दूध अनोळखी बाईच्या बाळापर्यंत पोचवणारी ही व्यवस्था इतकी वर्षे चालली आहे, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा.

कामावर परतणाऱ्या आईचे काय

मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असणे बंधनकारक झाले. सहा महिने निव्वळ स्तनपान आणि सहा महिन्यांची रजा यांचा मेळ त्यामुळे बसतो. पण ही रजा ज्यांना मिळते त्या बायका थोड्या आहेत. ऊसतोडीला जाणारी, दुसऱ्याच्या शेतात रोजाने खुरपणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई महिन्या-दीड महिन्यात कामावर जाते, कारण न गेल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते. तिला ‘सहा महिने फक्त अंगावरचे’ हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे तिला एकटीला शक्य नाही. तिच्यासाठी कामाच्या जागी सावली, बाळ सांभाळणारे माणूस आणि पाजायला मोकळीक यांची सोय मालकांनी, मुकादमांनी आणि सरकारने केल्याखेरीज प्रमाण वाढणार नाही.

तरीही तिला आणि कार्यालयात जाणाऱ्या आईलाही एक कौशल्य उपयोगी पडते, ते म्हणजे हाताने दूध काढणे. हात स्वच्छ धुवून, अंगठा काळसर भागाच्या वर आणि बोटे खाली ठेवून, आधी छातीच्या फासळ्यांकडे दाबावे आणि मग बोटे एकमेकांकडे आणावीत; त्वचेवर घासू नये. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात हे दूध घरातल्या सावलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रीजच्या आतल्या भागात एक दिवस निर्धास्त ठेवता येते. ते गॅसवर उकळू नये, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावे, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे, म्हणजे बाळ स्तनाची पकड विसरत नाही.

खरोखरच दूध कमी असणाऱ्या आयाही असतात. वारेचा तुकडा आत राहिलेला असणे, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेला असणे, थायरॉइडचा आजार, पूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया, दूधग्रंथींची वाढच पुरेशी नसणे अशी कारणे त्यामागे असू शकतात, आणि त्यांतल्या काहींवर उपचार आहेत. ज्यांच्या बाबतीत ते शक्य नसते, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे आणि त्याबद्दल मनात यत्किंचितही अपराधीपणा बाळगू नये. बाळ सुस्त पडले असेल, उठवूनही पीत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा कावीळ हातापायांपर्यंत उतरली असेल, तर तत्त्वाला धरून बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाकीच्या बहुसंख्य जणींना लागते ते योग्य वेळी शेजारी बसणारे जाणते माणूस. साध्या बाळंतपणानंतर बाई साधारण दुसऱ्या दिवशी घरी येते, आणि छाती भरते ती तिसऱ्या दिवशी, म्हणजे परिचारिका दूर गेल्यावर. आशाताईच्या ठरलेल्या गृहभेटींतली पहिली भेट तिसऱ्या दिवशीच येते, आणि त्यानंतर सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी. त्या तिसऱ्या दिवशी तिला नुसते बाळ दाखवून, वजन लिहून परत पाठवू नये. बाळ भुकेले होईपर्यंत थांबायला सांगावे आणि सुरुवातीपासून शेवटच्या घोटापर्यंत एक संपूर्ण पाजणे तिच्यासमोर करावे, म्हणजे पकड कुठे चुकते आहे ते तिला दिसेल आणि डबा आणायचा की नाही, हा निर्णय अंदाजावर घ्यावा लागणार नाही.